अर्थिंगमावशी

मावशी कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा तळहात लावत नसत. हाताची पाठ लावत. गाडीचं बॉनेट, दुकानाचं शटर, नळाची तोटी, टेबलफॅनची जाळी, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू टेकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मगच हात वळवून ती वस्तू धरायच्या. मला एकदा दुकानात भोवळ आली होती. शुद्धीवर येताना पहिल्यांदा जाणवली ती कपाळावर टेकलेली खरखरीत, गार बोटं, पाठीकडून. डोळे उघडले तर मीटरच्या काट्याकडं बघावं तशा त्या माझ्याकडं बघत होत्या. ‘जिवंत आहे,’ कुणाला तरी म्हणाल्या. त्यांच्या धंद्यात तारही जिवंत असते आणि बॅटरीही मरते, त्यामुळं ते बोलणं माणसाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, हे मला त्या घटकेला खरोखरच कळलं नाही.

नंतर एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तळहातानं जिवंत तार धरली की मूठ आवळती. मग सोडीन म्हटलं तरी सुटत नाही. पाठ लावली की हात आपोआप मागं येतो. आपण वस्तूला धरावं गं, वस्तूनं आपल्याला धरू नये.’

काळेवाडीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान आहे. मधली भिंत सोडली की पलीकडं मावशींचं बॅटरी आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. मूळच्या त्या लातूरकडच्या. लग्न होऊन इकडं आल्यावर चाकणच्या एका कंपनीत बरीच वर्षं होत्या. गाडीच्या आत तारांचा जो जुडगा असतो, तो तिथं बायका मोठ्या फळ्यांवर खिळे मारलेल्या वाटांवरून रंगीत तारा ओढून बांधतात. मावशी तेच काम करायच्या. पुढं कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात नेली आणि ठेक्यावरच्या बायका घरी बसल्या. मावशी बसल्या नाहीत. गाळा भाड्यानं घेतला आणि पाटी लावली. नवं गिऱ्हाईक आलं की दाराशी पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या यजमानांना विचारायचं, ‘मिस्त्री, जरा गाडी बघता का?’ काका म्हणजे सिटीबसचे निवृत्त ड्रायव्हर, दिवसाला दहा शब्द बोलणारे. ते पेपरातून नजर न काढता अंगठ्यानं आत दाखवायचे.

अर्थिंगमावशी हे नाव माझ्यामुळं पडलं म्हटलं तरी चालेल. माझ्या शिलाई मशीनला मोटर बसवल्यापासून चाकाला हात लावला की मुंग्या यायच्या. शॉक म्हणावा असा नव्हे, पण कुणीतरी आतून बोट ओढतंय असं वाटायचं. मला वाटलं, आपल्यालाच काही झालंय. मावशींनी मशीनला बोटांची पाठ लावली, प्लग उपसून बघितला आणि म्हणाल्या, ‘ह्याला अर्थच नाही.’ माझ्या दुकानातल्या दोघी गिऱ्हाईक बायका हसल्या. मावशींना विनोद कळलाच नाही. त्यांनी अर्थिंगची तिसरी तार जोडून दिली, मुंग्या थांबल्या. गल्लीत मात्र कुणाचं काही बिनसलं की लोक म्हणू लागले, अर्थिंगमावशीला दाखवा, अर्थ लावून देतील.

गिऱ्हाईक नसलं की त्या माझ्याकडं येऊन काजं-बटणं करायला बसायच्या आणि बोलायच्या ते तारांबद्दलच. ‘बघ उषा, करंट बॅटरीतनं निघतो ना, तो परत यायलाच निघतो. प्लसमधनं बाहेर पडला की दिव्यातनं जाईल, पंख्यातनं जाईल, पण मायनसला परत यायची वाट असली तरच. नसली तर तो घर सोडतच नाही. आणि नेहमीची वाट बंद झाली तर दुसरी हुडकतो. नको तिथनं जातो.’ त्या हे अगदी सहज बोलायच्या, पण ऐकताना मला उगाचच दुकानाच्या भिंतीतून काहीतरी सरपटत गेल्यासारखं वाटायचं.

नको तिथनं जाणारा करंट मी एकदा डोळ्यांनी पाहिला. एक रिक्षावाला आला, चेहरा उतरलेला. त्याच्या रिक्षाखाली एक कुत्रं मेलं होतं आणि तेव्हापासून ब्रेक दाबला की पुढचा दिवा मंद पेटायचा, विझायचा. ‘मावशी, ती डोळे मिचकावते,’ तो म्हणाला. त्यानं रिक्षा विकायचं ठरवलं होतं. मावशींनी त्याला ब्रेक दाबायला लावला. दिवा खरंच पेटला, आजारी माणसानं पापण्या किलकिल्या कराव्यात तसा. मावशींनी मागं जाऊन दिव्याची तार जिथं पत्र्याला स्क्रूनं आवळतात ती जागा उघडली. गंजून तपकिरी झाली होती. ‘ब्रेकच्या दिव्याचा करंट इथनं परत जायचा. गंजानं वाट अडवली, म्हणून तो पुढच्या दिव्यातनं फिरून जायलाय.’ त्यांनी गंज घासला, स्क्रू आवळला आणि रिक्षाचे डोळे मिटले. रिक्षावाला खुश होऊन गेला. ‘भिऊ नये असं नाही,’ मावशी हात पुसत म्हणाल्या. ‘पण आधी वाट बघावी, मग भ्यावं.’

हे वाक्य माझ्या डोक्यात होतं, म्हणूनच महाळुंग्याच्या गाडीसाठी मी त्यांना घेऊन गेले.

महाळुंगे माझं माहेर. माझे चुलते तात्या आणि चुलती जिजी तिथंच राहतात. शेत कंपन्यांत गेलं, घर राहिलं. तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती, त्यामुळं अंगणात उभं राहिलं की दिवसभर कुठल्या तरी मशीनची घरघर पायांतून वर येते. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन कंपनीच्या स्टाफला ने-आण करणारी गाडी चालवायचा. स्वतःची गाडी होती, फार जपायचा. एका सकाळी शिफ्ट सोडून आला, गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, दुचाकी घेऊन चौकात गेला आणि कंटेनरखाली सापडला. गाडी शेडमध्ये होती तशीच राहिली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तात्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. गाडी हलत नव्हती, दिवे बंद, चावी तात्यांच्या खिशात. तरी बॅटरी उतरायची. भरून आणली की पुन्हा उतरायची. मेकॅनिकला काही सापडलं नाही. आणि जिजी रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसायची. तात्यांनी दाराला कुलूप लावून पाहिलं, तर ती उन्हात काचेला कपाळ टेकवून उभी राहायची. शेवटी त्यांनी कुलूप लावणं सोडलं. ती आत बसून नितीनशी बोलायची आणि ज्या दिवसांत जास्त बोलायची, त्या दिवसांत बॅटरी लवकर उतरायची. हे तात्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी देवरुषी बोलावला. गाडीच्या नाकावर गुलाल पडला, आरशाला लिंबू बांधलं. काही फरक पडला नाही. जिजीचं जेवण सुटलं. मग तात्यांनी भंगारवाल्याशी बोलणं केलं. जिजी म्हणाली, ‘गाडीसंगं मला बी ने म्हनावं.’ ते ऐकून मी मावशींना गाठलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती, अंगणात चिटपाखरू नव्हतं. काका व्हॅन लावून फाटकाशीच थांबले. मावशींनी गाडीला हाताची पाठ लावली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तशीच ठेवली.

‘बाई, गाडीत काय बी खोट न्हाई म्हनत्यात,’ तात्या म्हणाले. ‘मंग ही ब्याटरी खातंय कोन?’

‘बघू. तुम्ही काय बघितलंत?’ मावशींनी जिजीला विचारलं.

जिजी ओट्यावर बसली होती. इतकी वाळली होती की लुगडंच बसवून ठेवल्यासारखं दिसत होतं. ‘मी टेप लावती, गाणं न्हाई लावीत. निस्ता चालू. मंग टिकटिक वाजतं. त्यो आला की वाजतं. मंग मी बोलती.’

‘आणि तो?’

‘त्यो ऐकतो. बोलत न्हाई. पर ऐकतो, मला ठावं हाय.’

मावशी हसल्या नाहीत, मानही हलवली नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची मायनसची तार सोडवली आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. ‘आता गाडीत जे वाहील ते ह्या मीटरमधनंच परत येणार,’ त्या मला म्हणाल्या. मीटर लावला की त्या कुणाशी बोलत नसत, मला मात्र सांगायच्या. सगळं बंद होतं, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला नाही. थोडं काहीतरी जात होतं, सारखं. नितीननं टेप सरळ बॅटरीवर घेतला होता, चावी नसतानाही लागावा म्हणून. मावशींनी टेपची तार काढली. तरी जातच होतं. मग त्यांनी एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. एक फ्यूज काढला की एक वाट बंद. हळूहळू सगळ्या वाटा बंद झाल्या. आकडा जागचा हलला नाही.

‘फ्यूजच्या अलीकडनंच कुणीतरी वाट काढलीय,’ मावशी पुटपुटल्या. मग त्यांनी सगळं होतं तसं परत जोडलं, मीटर मात्र ठेवला आणि जिजीकडं वळल्या. ‘जिजी, रोज बसता तशा बसा. रोज बोलता तसं बोला. मी हितंच आहे.’

जिजी उठून गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. ड्रायव्हरची सीट मोकळी. तिनं टेप चालू केला, स्पीकरमधून नुसती बारीक खरखर येऊ लागली. मीटरवरचा आकडा टेपपुरता वाढला आणि स्थिर झाला. ‘नितीन,’ ती म्हणाली, ‘आज उषी आलीया रं. वायरवाली बाई आलीया.’ तात्यांचे गुडघे, शेजारच्या कंपनीनं बांधलेली नवी भिंत, असं एकेक ती सांगत राहिली. आम्ही बॉनेटपाशी उभे होतो. ‘समदं झालं, तुझं लगीन तेवढं राहिलं,’ ती म्हणाली.

तेवढ्यात स्पीकर वाजला. टिक. टिटिक टिटिक टिटिक. नखानं पत्रा खरवडावा तसा.

मीटरवरचा आकडा एकदम उसळला. मावशींचे दोन्ही हात त्यांच्या छातीशी होते. कुणी कशाला शिवलं नव्हतं.

‘आला,’ जिजी म्हणाली.

तात्या दोन पावलं मागं सरले. मावशी आकड्याकडं बघत होत्या आणि त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. आकडा खाली येत नव्हता. जिजी बोलत होती आणि गाडीतून काहीतरी वाहत होतं.

मग मावशी खाली वाकल्या. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली एक बारीक तार त्यांनी बोटांनी चाचपत धरली, तिच्या मागोमाग ड्रायव्हरच्या बाजूनं आत गेल्या, स्टिअरिंगखाली डोकं घातलं. जिजी बोलायची थांबली नाही. बऱ्याच वेळानं मावशींनी मला खुणेनं बोलावलं. डॅशबोर्डच्या पोटात काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी चिकटवलेली होती. तिच्यावर एक लाल ठिपका उघडझाप करत होता.

‘कुणीतरी ऐकायलंय,’ त्या अगदी हळू म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांनाही ते पटलं. त्यांनी मला ओढून बाहेर शेडच्या खांबाशी नेलं आणि समजावलं. गाडी कुठं आहे ते कळावं म्हणून मालक लोक अशी डबी लावतात. आत मोबाइलचं कार्ड असतं. ह्या डबीला आणखी एक केसासारखी तार होती, ती छतापर्यंत गेली होती आणि तिच्या टोकाला माइक होता. त्या कार्डाच्या नंबरवर कुणी फोन लावला की डबी तो आपोआप घेते आणि गाडीतलं बोलणं पलीकडं ऐकू जातं. फोन लागताना टेपचा स्पीकर टिकटिकतो. फोन चालू असेपर्यंत बॅटरी जास्त ओढली जाते.

‘म्हणजे आत्ता?’ मी विचारलं.

‘आत्ता.’

सगळं समजलं तरी भीती गेली नाही. उलट वाढली. भूत असतं तर ते निदान आमच्या नितीनचं असतं.

मावशी परत गाडीत गेल्या. जिजीच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी तिला थांबवलं आणि मोकळ्या ड्रायव्हरसीटवर बसून, मान वर करून छताकडं बघत बोलल्या. ‘हे बघ, कोण असशील ते. ही तार मी तोडणार नाही. पण ही म्हातारी माणसाशी बोलती का कुणाशी बोलती हे तिला कळायला पाहिजे. काळेवाडीत माझं बॅटरीचं दुकान आहे. अर्थिंगमावशी म्हणून कुणालाही विचार. ये.’

गाडीत काही हललं नाही. मी मीटरकडं बघितलं. आकडा एकदम खाली आला. पलीकडच्यानं फोन ठेवला होता.

‘कुनाशी बोललीस?’ जिजीनं विचारलं. तिचा आवाज चिरका झाला होता. ‘भ्याला त्यो! गेला!’

‘तो नव्हता, जिजी,’ मावशी म्हणाल्या. ‘कोण आहे ते मला माहीत नाही. पण जिवंत माणूस आहे.’

जिजीनं तोंड फिरवलं आणि त्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं नाही. तात्या पुढं आले. ‘तोडा ती तार. आत्ताच्या आत्ता.’

मावशींनी पिशवीतून पक्कड काढून त्यांच्या हातात दिली. ‘ही घ्या. ती लाल तार. मी शब्द दिलाय, माझ्या हातानं नाही.’

तात्यांनी पक्कड घेतली, वाकले, तार चिमटीत धरली आणि तसेच राहिले. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘समदं ऐकू जातं का त्यातनं? हळू बोललेलं बी?’

‘श्वाससुद्धा,’ मावशी म्हणाल्या.

तात्यांनी पक्कड बॉनेटवर ठेवली आणि घरात गेले. जाताना भिंतीला धरत धरत गेले.

त्यानंतर काही दिवस मावशी दुकानात चहाला एक कप जास्त सांगायच्या. तो पडून राहायचा आणि काका तो पिऊन टाकायचे. माझं मशीनवर लक्ष लागत नव्हतं. दुकानासमोर कुणी अनोळखी थांबलं की मी मशीन थांबवून बघत राहायची. तो कोण असेल, काय हवं असेल त्याला, एका म्हातारीचं रडणं रोज ऐकून काय मिळत असेल?

आली ती एक मुलगी. कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, पहिल्या शिफ्टहून थेट उतरलेली. मावशींच्या दाराशी उभी राहून म्हणाली, ‘तुम्ही ये म्हणाला होतात.’

मावशींनी तिचा हात हातात घेतला, थेट तळहातानं. आत नेलं, पाणी दिलं. मीही गेले. तिचं नाव प्रज्ञा. पिंपरीची, बौद्ध घरातली, वडील कंपनीतून निवृत्त झालेले. ती नितीनच्या गाडीतूनच कामावर जायची. त्यांनी कोर्टात लग्न केलं होतं. नितीननं तात्यांना सांगितलं, तात्या ‘आपल्यातली न्हाई’ म्हणाले आणि जिजीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही अशी शपथ घातली. नितीन म्हणायचा, थोडं थांबू, मी आईला सांगतो. थांबण्यातच तो गेला. मातीच्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडं कंपनीच्या लोकांत उभी होती.

‘रात्रीच्या शिफ्टला तो कुठं पोचला ते कळावं म्हणून त्यानंच त्या डबीचा नंबर मला दिला होता,’ ती सांगू लागली. ‘तो गेल्यावर मी एकदा लावला. नुसता. गाडीतला आवाज तरी ऐकू येईल म्हणून. तर आई बोलत होत्या. मला वाटलं मला वेड लागलं. मग रोज लावायला लागले. जेवणाच्या सुट्टीत. कार्ड मीच चालू ठेवलं.’

‘रोज काय बोलायच्या?’ मी विचारलं.

‘सगळं. आणि शेवटी म्हणायच्या, तुझं लग्न तेवढं राहिलं.’ तिनं डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. ‘एकदा वडील येऊन बसले. ते काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास येत होता. खूप वेळ. मला फोन ठेवताही येईना.’

मावशींनी तिला एकच विचारलं, ‘भेटशील?’

जिजीला आणणं माझ्याकडं होतं. ती यायला तयार नव्हती. ‘माझ्या नितीनला फोन म्हनती ती बाई,’ असं म्हणून दोनदा मला परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी तिला सगळं सांगितलं, लग्नासकट. तिनं ऐकलं, उठली, पेटीतलं धुतलेलं लुगडं नेसली आणि बसस्टॉपकडं माझ्या पुढं चालायला लागली. तात्या ओट्यावर होते. त्यांनी अडवलं नाही.

मावशींच्या दुकानात, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या रांगेपुढं, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर त्या दोघी समोरासमोर बसल्या. जिजीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बॅटऱ्यांतून बारीक बुडबुड आवाज येत होता, तेवढाच.

‘तू व्हतीस व्हय?’ जिजी म्हणाली.

‘हो, आई.’

‘रोज?’

‘रोज.’

‘मंग बोलली का न्हाईस गं? एवढं बोलली मी. एक डाव बी बोलली का न्हाईस?’

‘त्यातून बोलता येत नाही, आई,’ प्रज्ञा म्हणाली. ‘नुसतं ऐकू येतं.’

जिजीनं पुढं होऊन तिचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. मावशी उठून बाहेर आल्या, काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरच्या गाड्या बघू लागल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही आणि मलाही ऐकू दिलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. तात्यांनी प्रज्ञाला घरात घेतलं नाही, आजही नाही. दोघी सुट्टीच्या दिवशी मावशींच्या दुकानातच भेटायच्या. एके दिवशी तात्यांनी स्वतः नितीनची गाडी काढली आणि जिजीला घेऊन आले. जिजी दुकानात जाऊन बसली. ते रस्त्याच्या कडेला काचा वर करून गाडीतच थांबले. प्रज्ञानं मावशींना सांगितलं होतं, ‘आता ती डबी काढा. मला आता नको ऐकायला.’ मावशी बाहेर गेल्या, तात्यांना उतरायला सांगितलं नाही, त्यांच्या गुडघ्यांशी वाकून तार सोडवली आणि डबी काढून घेतली. तात्या सरळ समोर बघत होते. पण त्यांच्या ओठांची हालचाल मला काचेतून दिसली. काहीतरी म्हणाले ते. काय, ते मावशींनी मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मावशींना चक्कर येऊ लागली. स्टुलावरून दोनदा पडल्या. दवाखान्यात म्हणाले, ठोके फार हळू पडतात, मध्येच थांबतात. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत ठोके देणारं यंत्र, पेसमेकर, बसवलं. घरी आल्यावर मी भेटायला गेले तर उशीला टेकून काकांना समजावत होत्या, ‘मी डॉक्टरला विचारलं, बॅटरी किती दिवस पुरंल? तर म्हणाले, काही वर्षं. ठोका चुकला तरच ते देतं. नाही चुकला तर गप बसतं. चांगलं सर्किट आहे.’ पण चालू इंजिनजवळ छाती न्यायची नाही, वेल्डिंगच्या आसपास फिरायचं नाही, असं बजावलं होतं. ते सांगून झाल्यावर त्या खूप वेळ आपल्या हाताकडं बघत राहिल्या.

दुकान वर्षभर कसंबसं चाललं. त्या लांब खुर्चीवर बसून दुसऱ्या मिस्त्रीला सांगायच्या. मग त्यांनी शटर ओढलं. त्यानंतर त्या माझ्याकडंच बसायच्या, काजं करायच्या. कधीकधी सुई मध्येच थांबायची आणि त्या दचकल्यासारख्या बघायच्या. ‘काय झालं?’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘आत्ता त्यानं दिला. माझा नव्हता तो.’ मला ते ऐकवायचं नाही. डॉक्टर सांगायचे, असं काही कळत नसतं माणसाला. असेलही. पण त्या सांगायच्या आणि मी घड्याळाकडं बघायची.

गेल्या त्या एका दुपारी, जेवून आडव्या झाल्या तेव्हा. डोक्यात रक्तस्राव झाला होता. काकांनी हाक मारली, उठल्या नाहीत. दवाखान्यात नेलं, तिथं गेल्याचं सांगितलं. जिजी आणि प्रज्ञा एकाच रिक्षातून आल्या. एकमेकींचा हात न सोडता दाराशी बसून राहिल्या. प्रज्ञा रडत होती. जिजीचे डोळे कोरडे होते. तिनं विचारलं, ‘बाईच्या जवळ कुनी व्हतं का गं, जाताना?’ मी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, ‘मी होतो.’

एका डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला बोलावलं. अग्नी द्यायचा असेल तर छातीतलं यंत्र काढावं लागेल, म्हणाल्या, उष्णतेनं ते फुटतं. काकांनी मान हलवली. काढलं. कुणीतरी विचारलं, ठेवायचंय का, आणि काका हो म्हणाले. का म्हणाले, त्यांचं त्यांना ठाऊक. एका छोट्या पारदर्शक पिशवीत ते त्यांच्या हातात आलं. गुळगुळीत, पातळ, नदीतल्या चपट्या दगडासारखं.

माती आवरून आम्ही त्यांच्या घरी परत आलो. बायका निघून गेल्या. काकांनी खिशातून ती पिशवी काढली आणि दिव्याखाली धरली.

‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे अजून चालू आहे,’ ते म्हणाले. ‘काही वर्षं चालेल.’

मी ती बघायला पुढं वाकले.

‘उषा,’ त्यांनी विचारलं, ‘हे बंद कसं करायचं गं?’

काळेवाडीत हे ज्यांना विचारता आलं असतं, त्या मावशी एकट्याच होत्या. काकांनी ते रुमालात गुंडाळलं आणि मावशींच्या फोटोमागं फळीवर ठेवलं. त्याचा आवाज येत नाही. काही दिसतही नाही. पण काका दुपारी त्या खोलीत झोपत नाहीत, बाहेर पायरीवर बसतात. परवा मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, ‘आत जायचं तर जा. ते आहे तिथं. देत असेल ठोके, कुणाला तरी.’